असू दे म्हणणारं गाव

आमच्या केदेशला, या आश्रयाच्या गावाला, येणारा रस्ता साऱ्या नफतालीच्या डोंगरात सगळ्यात चांगला. पाऊसकाळ संपला की तो दुरुस्त करायचा आणि फाट्याफाट्यावर ‘आश्रय इकडे’ अशी खूण लावायची, असा नियमच आहे. ज्याच्या हातून चुकून माणूस मेला, असा एखादा जीव घेऊन पळत असतो, मागून मेलेल्याचा भाऊ सुरा घेऊन येत असतो. अशा वेळी ठेच लागून चालत नाही. ज्यांच्या हातून कुणी मेलेलं नाही, त्यांच्यासाठी डोंगरात पायवाटा आहेत.

पलती त्याच रस्त्याने आला. लाकडं तोडताना त्याच्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं आणि शेजारी मोळी बांधत असलेल्या इगालच्या मानेत बसलं. इगाल त्याचा लहानपणापासूनचा सवंगडी. वेशीत बसून आम्ही लेवी मंडळींनी, म्हणजे देवसेवेच्या कुळातल्यांनी, रीतसर चौकशी केली. वैर होतं का? नव्हतं. कधी भांडण? एकदा, बोकडावरून. तेव्हा दोघांना मिशाही फुटल्या नव्हत्या. निवाडा झाला आणि पलतीचा जीव वाचला. अट एकच, यरुशलेमातला महायाजक मरेपर्यंत हद्दीच्या दगडाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर इगालच्या भावाने मारलं तरी त्याला दोष नाही. न्याय आणि दया यांना एका घरात नांदवायचं, तर अंगणात असा एखादा दगड पुरावाच लागतो.

महायाजकाची आई शहाणी बाई. आश्रयाच्या गावांतून माणसं आपल्या मुलाच्या मरणाकडे डोळे लावून बसलीत, हे तिला ठाऊक होतं. म्हणून दर हिवाळ्यात ती टोपल्या भरभरून अंजिराच्या वड्या आणि लोकरीचे अंगरखे पाठवायची. खा, ल्या, पण देवापाशी तेवढं मागू नका. वड्या खरंच चांगल्या असत. लोक त्या खात आणि जरा हळू आवाजात मागत.

पलती माझ्या वरच्या खोलीत राहायला आला. माझी बायको गेल्यापासून ती रिकामीच होती. आश्रिताला गावातल्या कुणी मान दिला, तर त्याने आधी म्हणायचं, “मी माणूस मारलेला आहे.” त्यावर देणाऱ्याने म्हणायचं, “असू दे.” मगच त्याने मान घ्यायचा. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सभेतली वरची जागा वगैरे असणार. पलतीने तो मिठालाही लावला.

“पलती, मीठ घे.”

“मी माणूस मारलेला आहे.”

“असू दे. घे बाबा, कालवण गार होतंय.”

दिवसभर म्हणून म्हणून जिभेला इतकी सवय लागली की एकदा शेळीने माझा अंगरखा खाल्ला, तेव्हा तिलाही मी असू दे म्हणालो.

शेवटी एकदा वैतागलो. “किती वेळा म्हणवून घेशील रे?”

“काका, तुम्ही म्हणता, बरं वाटतं,” तो म्हणाला. “पण माझ्या हातून तुमचं कुणी मेलेलं नाही.”

त्याला तो शब्द एकाच तोंडून हवा होता. ते तोंड पेरणीनंतर आणि कापणीनंतर हद्दीच्या दगडापलीकडे, ओकच्या झाडाखाली येऊन बसायचं. इगालचा थोरला भाऊ, शम्मूवा. कमरेला सुरा. पलती अलीकडे बसायचा.

“पलत्या, ये ना इकडे. सावली बघ किती गार आहे.”

“इकडे बरं आहे. म्हातारीच्या वड्या आहेत.”

“फुगलायस खाऊन खाऊन. सुऱ्याला आत वाट सापडायची नाही.”

“धार तरी लावलीस का? मागल्या खेपेला गंजला होता.”

मग शम्मूवा सुऱ्याची धार अंगठ्यावर बघायचा.

“झऱ्यावरचं जैतून यंदा लगडलंय,” शम्मूवा म्हणायचा.

“लगडणारच. इगालच्या हातचं कलम आहे.”

यानंतर दोघंही दोन दिशांना बघत बसायचे. ऊन उतरलं की शम्मूवा उठून जायचा.

मी एकदा त्याला गाठून विचारलं, “अरे, इतकी वर्षं झाली. कशाला येतोस?”

“लेवीबुवा, नाही आलो तर लोक म्हणतील, भावाला विसरला. आणि घरात इगालचं नाव काढायची सोय नाही. आई रडते.”

एका वर्षी कापणी उरकली, खळी झाली, तरी शम्मूवा आला नाही. पलती दगडापाशी रोज उभा. एकदा त्याचा एक पाय पलीकडे पडलेला मी पाहिला आणि धावत जाऊन त्याला अंगरख्याला धरून मागे ओढलं.

“आजारी असेल, काका.”

“अरे, तो तुला मारायला येतो!”

“हो. पण येतो.”

जैतुनं पिकायला आली आणि यरुशलेमाहून बातमी आली की महायाजक वारला. सारं इस्राएल रडलं. आमच्या गावातल्या आश्रितांनीही डोक्यात राख घातली आणि त्याच राखेच्या हातांनी गाठोडी बांधली. एकजण गुणगुणत होता. मी डोळे वटारले, तेव्हा त्याने त्याच चालीवर विलाप सुरू केला. दुपारपर्यंत सगळे गेले. पलती तेवढा जिन्यावर बसून राहिला.

“जा की घरी.”

“काका, मला कायद्याने सोडलं. शम्मूवाने कुठे सोडलंय?”

काही दिवसांनी शम्मूवा आला. लंगडत. कापणीत बैलगाडीवरून पडून पाय मोडला होता. कमरेला सुरा नव्हता, हातात काठी होती. सवयीने तो दगडापलीकडे थांबला. पलतीही सवयीने अलीकडेच थांबला. दगडाला आता काही अर्थ उरला नव्हता, पण ते त्या दोघांना कोण सांगणार!

“मी माणूस मारलेला आहे,” पलती म्हणाला.

असं म्हणायची सक्ती संपली होती. शम्मूवाने माझ्याकडे पाहिलं. शब्द माझ्या जिभेवर आला होता, मी गिळला. तो माझा नव्हता.

“ते मी म्हणणार नाही, पलत्या. आज तरी नाही. मागूही नकोस.”

“बरं.”

“आईने पाठवलंय. जैतुनं उतरवायचीत, माझा पाय हा असा. माणूस मिळत नाही.”

“येतो.”

“कुऱ्हाडीला हात लावायचा नाही. काठीने झोडायचं.”

“हो.”

“मी पुढे चालतो, तू मागे. जवळ यायचं नाही.”

पलतीने गाठोडं उचललं, माझ्या पाया पडला आणि दगड ओलांडला. आमच्या त्या चांगल्या रस्त्याने दोघं उतरू लागले. लंगड्या माणसाच्या मागे राहणं सोपं नसतं. पलती चार पावलं चालायचा, थांबायचा, अंतर पडू द्यायचा, मग पुन्हा चालायचा. शम्मूवाने मागे वळून पाहिलं नाही. पण पलतीची पावलं थांबली की तोही जरासा थांबत होता, असं मला वाटलं. लांबून नीट दिसत नव्हतं.

नव्या महायाजकालाही आई आहे. हिवाळ्यात टोपल्या आल्या. यंदाच्या वड्या जाड आहेत. मुलगा तरुण असणार, जपायला वर्षं पुष्कळ. माझी वरची खोली अजून रिकामी आहे. मी एक वडी घेतली, समोर मीठही मांडलं होतं. कुणी काही म्हटलं नाही, म्हणून मीही ‘असू दे’ म्हटलं नाही.