दहा लिटर दूध आणि सात लिंबं

बारच्या काउंटरमागं बाई दिसली की चाकणमध्ये अजूनही माणसं आधी माझ्याकडं बघतात आणि मग मेन्यूकडं. बघा बापडे! मी दिपाली, मूळची भूमची, खव्याच्या भट्टीवर वाढलेली. नवरा निघोज्याच्या कंपनीत आला म्हणून मी इकडं आले. आधी या हॉटेलात चहाच्या मशीनवर होते. मग रीतसर कोर्स केला, सर्टिफिकेट घेतलं आणि काउंटरवर आले. पण कच्च्या नेमणुकीवर. मालक रंगराव म्हणाले होते, "देशमाने साहेबांच्या पार्टीत जमलं तर काउंटर तुमचा. नाही जमलं तर पुण्याहून माणूस आणतो, तुम्ही परत चहावर." चहा वाईट नाही हो. पण जिना चढून वर आलेल्या माणसाला परत खाली ढकलायचं म्हणजे काय, ते ज्याला ढकललं जातं त्यालाच कळतं.

देशमाने साहेब म्हणजे एका मोठ्या कारखान्याचे प्रमुख, पार्टीच्या दिवशी रिटायर होणार होते. त्यांची फर्माईश एकच: क्रीम लिकर, पण बाटलीतलं नको, हॉटेलात बनवलेलं.

या क्रीम लिकरची कथा मला आमच्या जुन्या वेटरनं, दत्तोबानं सांगितली होती. तो इथं पंचवीस वर्षं आहे. पूर्वी पार्टी म्हणजे रम, पाणी आणि फुटाणे. मग कंपन्या आल्या, परदेशी इंजिनियर आले आणि जेवणानंतर छोट्या पेल्यात, बर्फावर, ते दाट, गोड, कॉफीच्या रंगाचं क्रीम लिकर आलं. गावातल्या लोकांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाले, "ही तर बासुंदी!" आणि वाटीत मागितली. मग थरावर थर लावलेले रंगीत ग्लास आले, ते पेटवून प्यायचे. मग सगळ्यात पुदिना. दत्तोबा म्हणायचा, "दारू हाय का चटणी?" आणि आता फिरून गाडी परत दुधावर आली. ज्या क्रीमला मधल्या काळात पोरं म्हाताऱ्यांचं पेय म्हणून नाकं मुरडायची, तेच आता घरी बनवलेलं हवं!

मी दीड महिना खपले. म्हशीचं दूध आटवलं, सायीचं प्रमाण बसवलं, कॉफी, गूळ, जायफळ, शेवटी रम. पार्टीच्या दिवशी सकाळी नव्याकोऱ्या स्टीलच्या पिंपात दहा लिटर तयार झालं. थंड व्हायला झाकण उघडं ठेवलं आणि मी पेले पुसायला गेले. पंधरा मिनिटं. फक्त पंधरा मिनिटं!

परत आले तर पिंपापाशी शालनबाई. रंगरावांच्या आई, पंच्याहत्तर वर्षांच्या, वरच्या मजल्यावर राहतात. एका हातात सुरी, पायाशी लिंबांच्या साली. चौदा अर्ध्या.

"आक्का, हे काय केलंत?"

"दिष्ट काढली गं," त्या समाधानानं म्हणाल्या. "नवं भांडं, पयलं काम, आन् समद्यांचा डोळा तुझ्यावर. सात लिंबं उतरवली."

आता आमच्या या भागात नवा ट्रक आला तरी चाकाखाली लिंबू चिरडल्याशिवाय गेटाबाहेर निघत नाही, नवं मशीन आलं तरी आधी लिंबू आणि मग बटण. यात नवल काहीच नाही. पण लिंबू बाहेर चिरतात की नाही?

"आत का पिळलीत, आक्का?"

"भाईर पिळलं तर भाईरची नजर जाती. आतली कशी जायाची?"

मी पिंपात डोकावले. तपकिरी पाण्यात पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. दीड महिना, आणि हा असा चोथा! रडू आलं, आणि रडण्याच्या वर रागही आला. बारा वाजायला आले होते, पार्टी साडेसातला.

आक्कांनी आत बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नासलं व्हय गं? माझ्या हातनं नासलं?" साली मी पायानं टेबलाखाली सारल्या आणि त्यांना वर पाठवलं.

तेवढ्यात रंगराव आले. "वाटलंच होतं मला! मार्चच्या उन्हात दूध उघडं ठेवतं का कुणी?" आईचं नाव घेतलं असतं तर सुटले असते, पण जीभ वळली नाही. "बास. मी पुण्याला फोन लावतो. संध्याकाळी ते बाटल्या घेऊन येतील, काउंटर ते सांभाळतील."

"सहा वाजेपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"नासलेल्या दुधाचं सहापर्यंत काय होणार?"

काय होणार ते मला त्या क्षणी आठवलं होतं. कोर्सच्या सरांनी एकदा सांगितलं होतं की दोन-तीनशे वर्षांपूर्वी साहेबलोक दारूत दूध घालून ते मुद्दाम लिंबानं नासवायचे, फडक्यातून गाळायचे आणि खाली उतरलेलं नितळ पेय बाटल्यांत भरून महिनोन् महिने ठेवायचे. वर्गात सगळे हसले होते. मी नव्हते हसले. माझी आई चक्का बांधायची, पनीर करायची. नासणं आणि नासवणं यात किती फरक आहे ते मला कुणी शिकवायला नको होतं.

"दत्तोबा, अजून लिंबं आण. वीस."

"अगं बाई, अजून?"

"अर्धवट नासलेलं कुणाच्याच कामाचं नसतं. नासवायचं तर पुरतं नासवायचं."

मी पिळत गेले. रंगराव डोक्याला हात लावून बघत होते. "वेड लागलंय हिला!" म्हणाले, पण फोन खिशात ठेवला. दूध पुरतं फुटलं. चौपदरी मलमल धुऊन घेतली, चार गाठोडी बांधली आणि कोठीत टांगली. पहिली धार गढूळच आली. दत्तोबाचं तोंड पडलं. मी तीच धार पुन्हा त्याच चोथ्यावर ओतली, कारण चोथाच गाळणीचं काम करतो. पुन्हा गढूळ. पुन्हा ओतली. चार वाजले, हात भरून आले, पोटात अन्नाचा कण नाही.

पाचच्या सुमारास दत्तोबा ओरडला, "दिपाली, हिकडं ये, बघ!"

भांड्यात मधाच्या रंगाचं, आरपार दिसणारं पेय थेंबथेंब पडत होतं. भांड्याचा तळ दिसत होता. मी बोटावर घेऊन चाखलं. गूळ, कॉफी, जायफळ, मागून रमची ऊब, आणि जिभेवर साय पसरावी तसा मऊपणा. दूध दिसत नव्हतं, पण होतं. मी त्या कोठीत एकटीच नाचले. म्हणजे दत्तोबा होता, पण तोही नाचत होता.

साडेसातला देशमाने साहेबांपुढं पेला ठेवला. त्यांनी तो दिव्याकडं धरला. "अहो, मी क्रीम मागितलं होतं. हे तर पाण्यासारखं दिसतंय."

रंगरावांना घाम फुटला.

"साहेब, आधी घोट घ्या," मी म्हणाले, "मग बोला."

त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग हळूच म्हणाले, "यात दूध आहे. कुठं लपवलंय तुम्ही?" आणि उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मग काय, अख्खा हॉल उठला! दीड तासात सगळं संपलं. साहेबांनी रंगरावांच्या खांद्यावर हात टाकला. "तीस वर्षं मी पार्ट्यांमधून काय काय प्यायलो, पण हे नाही प्यायलो. या बाईंना काउंटरवरून हलवू नका."

"छे छे, काउंटर त्यांचाच!" रंगराव छाती काढून म्हणाले. "आमची जुनी पद्धत आहे ती."

मला हसू आवरेना. आणि तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "कसली पद्धत? दूध म्या नासवलं, रंग्या. तिनं दिसभर माझं नाव झाकलं." काठी टेकत, पायरी पायरीनं शालनबाई खाली आल्या होत्या. भरल्या हॉलमध्ये त्यांनी सांगून टाकलं. रंगराव सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलो, दिपालीताई." त्यांनी मला ताई म्हणायची ती पहिलीच वेळ. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि वाहू दिलं मी.

आक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. पदराच्या गाठीतून एक लिंबू काढलं आणि माझ्या डोक्यावरून सात वेळा उतरवलं. "आज समद्या गावाची नजर लागली आसंल तुला."

मग त्यांनी काउंटरवरची सुरी उचलली, पेल्यांकडं एक नजर टाकली, आणि लिंबू चिरायला काठी टेकत पार गेटाबाहेर गेल्या.