कमळाबाईची शिळा आणि अडलेली आरती

या मित्रांनो, असे जवळ सरका. मी उन्हाने तापलेली असेन, तर ओंजळभर पाणी टाका आणि मग बसा. अशी गोष्ट सांगते, की उठाल तेव्हा मान ताठ करून उठाल.

मी एक जुनी धुण्याची शिळा आहे. चांद्याला झरपट नदीच्या काठी माझे ठाणे. पाथरवटाने मला घडवले आणि घाटावर टेकवले. कमळाबाई परटीण माझ्यावर दवाखान्याच्या चादरी धुवायची. तिच्या तोंडी विठ्ठलाचे नाव, हातात चादर, आणि दोन्हींचा ठेका एक! मृदंगानेही कान द्यावा असा.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षे झाली असतील. गुणवंतरावांनी काठालगत सागवानाचा डेपो घातला. माणूस भाविक, कीर्तनात नेहमी पहिल्या रांगेत. पण एके दिवशी त्यांनी पाण्यापर्यंत तार ओढली आणि घाटाच्या वाटेवर फाटक लावले. मी आत, माझी माणसे बाहेर.

"मालक, फाटक काऊन लावलं?" कमळाबाईने विचारले.

"जागा माही हाये, बाई."

"जागा असन तुमची. नदी बी तुम्हीच खोदली का? इंग्रज गेला, आन् तुम्ही आले!"

फाटक काही उघडले नाही. बायकांचे पाणी अडले, गुरे तहानली. कमळाबाई वळसा घालून दूरच्या काठाला जाई. चादरी वेळेवर वाळेनात. दवाखान्याने दुसरी परटीण शोधायला घेतली. ते काम गेले, तर तिच्या घरची चूल विझणार होती.

मग एकादशीच्या दुपारी तिने मुखरूबुवांचे कीर्तन फाटकासमोरच ठेवले. गुणवंतराव आले, बुक्का लावून पहिल्या रांगेत बसले. बुवांनी कालियामर्दन लावले. यमुना अडवून बसलेल्या सापाचे वर्णन आले, तशा साऱ्यांच्या नजरा एकाच पागोट्याकडे वळल्या. तारेआडून मी सारे पाहत होते.

आरतीची वेळ झाली. आमच्या घाटाची रीत अशी, की आरतीआधी कळशीत नदीचे पाणी यावे. कमळाबाई रिकामी कळशी घेऊन उभी राहिली.

"विहिरीचं आणा ना," गुणवंतराव म्हणाले.

"आजवर नदीचंच आलं. थांबू," म्हणत बुवांनी पुन्हा अभंग धरला. टाळ कडाडले. ऊन उतरले.

"बुवा, आटपा. मले काम हाये."

"मंग उठा ना, मालक," कमळाबाई म्हणाली. "तुमाले कोनं धरून ठेवलं?"

सारे हसले. बुक्का लागलेला माणूस आरतीआधी उठत नाही, हे सारेच जाणून होते. गुणवंतराव घामेजले. "बरं, आजच्यापुरतं उघडा."

बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "मंग आरती बी अर्धीच म्हनू का?"

 गुणवंतरावांनी पागोटे सावरले आणि ते रखवालदाराला म्हणाले, "काढ रे ते फाटक. बिजागरीसकट काढ."

आरती माझ्याजवळ झाली, पाण्याच्या काठी. फाटकाची फळी पुढे चिखलात पायवाट म्हणून घातली. सारे तिच्यावरूनच घाटावर येत. दवाखान्याच्या चादरी पुन्हा माझ्यावर आल्या आणि कमळाबाईचे काम टिकले.

आता माझ्यावर शेवाळ चढले आहे. चढू द्या. पण मित्रांनो, नदीकाठी कुणी पुन्हा तार ओढली, तर घरी गप्प बसू नका. टाळ घ्या, कळशी घ्या, तारेसमोर ठाण मांडून बसा. आणि पाण्याची पहिली ओंजळ भराल, तेव्हा रिकामी कळशी घेऊन उभ्या राहिलेल्या कमळाबाईची आठवण काढा.