अर्धी दवंडी

ऐका हो ऐका —

थांबा. आधी हलगी शेकायला हवी. दमट हवेत कातडं सैल पडतं, आवाज मेल्यासारखा निघतो. भिमानं वडाखाली काटक्या पेटवल्या आणि हलगी जाळावर धरली. भोरपासून चालत आला होता. पाय आता त्याचे राहिले नव्हते.

पुण्याहून हवामानाची तार आली, की कचेरीतले दीनानाथराव तिचं मराठी करत. ते खोऱ्यात ओरडत फिरायचं काम भिमाचं. मागल्या दोन्ही खेपांना लोक कापणी टाकून घरी बसले आणि दिवसभर लख्ख ऊन पडलं.

डांग. डडांग.

शेतांतून माणसं निघाली, हातात विळे तसेच. या वाडीत दवंडी वडाखालीच ऐकायची. आणि पुरी ऐकायची. अर्ध्यातून उठणं म्हणजे सरकारचा अपमान.

"आज कुनाला मारतूस रं?" म्हातारी ठकुबाई म्हणाली. "मागल्या येळंला ईज काय आली न्हाई. रानडुकरं आली. निम्मं भात खाऊन गेली माजं."

भिमाची बायको धोंडाबाई पाटलांच्या खाचरात मजुरीनं कापत होती. तीही आली आणि बाकीच्यांपासून लांब, वडाच्या एका मुळीवर बसली. नवऱ्याकडं तिनं पाहिलंही नाही. हे सगळं तिचं पाठ होतं.

ऐका हो ऐका. येत्या चोवीस तासांत मेघगर्जनेसह वृष्टीचा संभव आहे होऽ —

"संभव म्हंजी?" रखमाजी पाटलांनी विचारलं.

"हुईल, न्हाईतर न्हाई हुनार, जी."

"येवढं तर माजी म्हस बी सांगती."

माणसं हसली. हसू दे.

— विजा चमकू लागताच रयतेने उघड्यावर थांबू नये होऽ. उंच झाडाखाली तर मुळीच —

भिमा थांबला.

वर वड. खाली अख्खी वाडी, त्यानंच गोळा केलेली. तिकडं वेल्ह्याच्या अंगाला तोरणा दिसेनासा झालेला, आणि त्या काळ्या ढगांत एक पांढरी चीर.

"पाटील, घरला जावा समदी."

"पुरी कर आदी."

"झाली, जी."

"झाली कशी? हुकमावरून होऽ कुटं म्हनलास? त्याबिगर दवंडी उठत न्हाई."

खरं होतं. म्हटलं, की माणसं सुटली. पण सुटली की घरी जाणार नव्हती. उरलेलं कापायला उघड्या खाचरांत. न म्हटलं, तर इथंच, वडाखाली.

भिमाला वाटलं, आपणही बसावं. काय व्हायचं ते होऊ दे.

त्यानं हलगी पुन्हा गळ्यात अडकवली आणि वाजवत चालू लागला. चावडीकडं.

"अरं, कुटं चाललास?"

"म्होरलं तितं सांगतो."

"सरकारनं येडं धाडलंय," ठकुबाई म्हणाली आणि त्याच्यामागून निघाली. तिच्यामागून सगळीच. शिव्या घालत, पण निघाली. अर्धी दवंडी टाकून जायची कुणाची छाती नव्हती.

चावडी भरली. भिमा बाहेर वळचणीखाली उभा राहिला, शेजारी धोंडाबाई. चावडीच्या आत त्यांची जागा कधीच नव्हती.

मग पाऊस आला, तिरका, थंड. लगेच विजेनं सगळं पांढरं झालं. आवाज इतका जवळ, की भिंतीची माती झडली. ओढ्याकाठच्या खाचरातून धूर निघाला, पावसानं दाबला, परत निघाला. सकाळपासून तिथंच कापणी चालली होती.



बऱ्याच वेळानं पाटलांनी विचारलं, "म्होरं काय हाय रं?"

भिमानं तोंड उघडलं. कौलांवरच्या पावसात काहीच ऐकू गेलं नाही.

"आँ?"

परत तेच.

"आत ये की मेल्या!" ठकुबाई ओरडली. "तिलाबी घे. तितनं काय डोंबल ऐकू येतंय?"

कुणीतरी खाकरलं. पाटील भिंतीकडं बघत राहिले. नको म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. मग दाराजवळची माणसं थोडी सरकली.

दोघं आत आली आणि भिंतीला टेकून बसली. दोघांच्या अंगावरचं पाणी जमिनीवर पसरत एका पोराच्या पायाशी गेलं. पोरानं पाय काढला नाही.

"आता म्हन."

"म्हनतो," भिमा म्हणाला. "जरा दम खाऊ द्या."

आणि त्यानं डोळे मिटले.