शाईचा 'समाप्त'

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. माझे कव्हर गेले, शिवण ढिली झाली, आणि अंगाला तंबाखूचा वास कायमचा चिकटला. वाळवीने खाल्ले असते तर मी तक्रार केली नसती. तिलाही पोट आहे. पण माझा केसाने गळा कापला तो मला जीव लावणाऱ्या माणसाने. म्हणून आज बोलायला बसले आहे, आणि गोड बोलेन अशी आशा धरू नका.

बेळगावच्या एका लहानशा छापखान्यात माझा जन्म झाला. शिशाचे खिळे एकेक जुळवून माझी पाने छापली, दोऱ्याने शिवली, वर तांबडे कापड चढवले. नाव ठेवले 'सायीखालचे विष'. गोष्ट एका गावातल्या इनामदार घराण्याची. थोरला मुलगा रात्रीचे दूध पितो आणि सकाळी मेलेला सापडतो. दूध नेऊन दिलेले असते धाकट्या सुनेने. फौजदार येतो, घरातला जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि सगळ्यांत मोठ्याने गळा काढतो तो चुलता. आता तुमच्यापासून काय लपवायचे? खून त्या चुलत्याने केला होता. पण ते कळते अगदी शेवटच्या पानावर. ते पान म्हणजे माझा जीव होता.

मी आले ती निपाणीत. तिथे तंबाखूच्या वखारीच्या माडीवर एक वाचनालय होते आणि ते बाळगोंडा अण्णा चालवत. माणूस पुस्तकवेडा. नवे पुस्तक आले की आधी स्वतः वाचायचे, मगच कपाटात लावायचे. मला त्यांनी दुपारी हातात धरले ते संपवूनच खाली ठेवले. चुलत्याचे कळले तेव्हा मांडीवर थाप मारून म्हणाले, "अरं तिच्या, ह्यो व्हय!" मी अगदी फुलून गेले. दारावर त्यांच्याच वळणदार हाताची पाटी होती, 'पुस्तकाचे पान फाडणाऱ्यास येथे प्रवेश नाही.' अशा माणसाच्या घरी पडले म्हणून मी स्वतःला भाग्यवान समजत होते.

त्याच संध्याकाळी वखारीतल्या कुणीतरी त्यांना ओंजळभर ताजी तपकीर आणून दिली. डबी घरी राहिलेली. पुडीला कागद हवा होता. माझ्या अगदी शेवटी एक कोरे पान होते, ते घ्यावे असे त्यांच्या मनात आले. दिवा लावायचा आळस केला, अंधुकात चाचपले आणि टर्रकन पान ओढले. कोरे पान जागच्या जागी राहिले, माझे शेवटचे पान तपकिरीबरोबर गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते तोंड पाडून. "पुडीचा कागद बंबात घातला की मी," असे स्वतःशीच पुटपुटत मला पुन्हा पुन्हा उलटून बघत राहिले. चूक कुणाच्याही हातून होते, मी ती पोटात घातली असती. पण पुढचे ऐका. आता मी जिथे संपत होते तिथे फौजदार धाकट्या सुनेला टांग्यात बसवतो आणि 'टांगा वळला' असे शब्द येतात. फाटलेल्या पानावर तो टांगा ठाण्याकडे न जाता चुलत्याच्या दारात उभा राहत होता. अण्णांनी दोऱ्याजवळची फाटकी कड चाकूने साफ केली, टाक शाईत बुडवला आणि त्या दोन शब्दांखाली छापील वाटावे अशा अक्षरात लिहिले, 'समाप्त'.

झाले. खुनी सुटला आणि सून अडकली.

तरी माझे नाव फार झाले. संध्याकाळी खालच्या कट्ट्यावर माझ्यावरून भांडणे जुंपत. नागोजी मास्तर म्हणत की असले पुस्तक पोरांच्या हाती पडू नये, आणि स्वतः मला दोनदा घरी घेऊन गेले. पोलिसातून पेन्शनीत आलेला यल्लाप्पा हवालदार हटून बसे. "तिसऱ्या प्रकरणात चुलत्याच्या वहाणा वल्ल्या कशापायी? पाऊस न्हाय, पाणी न्हाय. ल्हेणारा खुळा हाय व्हय?" धोंडूबाईंना वाचता येत नव्हते, पण सुनेकडून सगळे वाचून घेतलेले. त्या म्हणत, "धाकटीच ती. दूध कुणी दिलं? मग?" मग सगळे अण्णांकडे बघत. अण्णा चिमूटभर तपकीर ओढत आणि म्हणत, "वहाणांचं ल्हेणारा इसरला असंल." माझ्या लेखकालाच त्यांनी विसराळू ठरवले.

भांडण पुस्तकापुरते होते तोवर मलाही गंमत वाटायची. पण त्याच आळीत जयाबाई नावाची एक धाकटी सून होती. तिचा थोरला दीर रात्री जेवून निजला तो उठलाच नाही. काळीज बंद पडले, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. पण ताट जयाबाईने वाढले होते. धोंडूबाई तिच्या सासूजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "त्या पुस्तकात न्हाय व्हय? अशा घरात धाकटीच असती बघ." सासूच्या मनात ते घर करून बसले. जयाबाईला माहेरी बेळगुंदीला धाडायचे आणि लहानग्या अंबूला इथेच ठेवून घ्यायचे, असे ठरले. नवरा मान खाली घालून बसला.

जयाबाई चौथी शिकलेली होती. तिने मला घरी नेले आणि चुलीपुढे बसून सबंध वाचले. शेवटच्या शब्दापाशी थांबली. बोट ओले करून त्यावरून फिरवले, तशी शाई पसरली. तशीच उठली आणि मला घेऊन कट्ट्यावर आली.

"अण्णा," पदर सारखा करत ती म्हणाली, "ह्यो 'समाप्त' छापलेला न्हाय. फुडं पान हुतं का?"

कट्ट्यावरचे सगळे अण्णांकडे वळले.

"सासूबाईंचा तुमच्यावर इस्वास हाय. फुडं काय हुतं तेवढं सांगा. माझी पोरगी माझ्यापाशी ऱ्हाईल."

अण्णांनी वर माडीच्या दाराकडे पाहिले. पाटी तिथेच होती.

"न्हाय बाई," ते म्हणाले. "एवढंच हाय. हितंच संपतंय."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या कट्ट्यावर टाहो फोडला असता. त्या बाईने जगात एकच माणूस खरे सांगणारा धरला होता, आणि मीही तोच धरला होता. तिने मला हळूच खाली ठेवले. दुसऱ्या सकाळी माडीच्या खिडकीतून मी तिची बैलगाडी पाहिली. अंबू मागे धावत होती, तिला धोंडूबाईंनी धरून ठेवले. कोपऱ्यावर गाडी वळली.

पुढे कपाट पुसताना अण्णा मला तेवढे सोडून देऊ लागले. धूळ साचली, कसर लागली. बऱ्याच वर्षांनी डोळे दाखवायला ते बेळगावला गेले, तिथे एका ओळखीच्या घरी माझी जुळी बहीण त्यांना सापडली. तिचे शेवटचे पान त्यांनी उतरवून आणले. मला वाटले, देव पावला. पण त्यांनी ते लिहिले कुठे? त्या कोऱ्या पानाच्या पाठीवर. पुढची बाजू कोरीच ठेवली आणि 'समाप्त' तसाच राहू दिला. खोडला असता तर कुणीतरी विचारले असते ना, का खोडला म्हणून! बेळगुंदीला निरोप धाडायचे तर नावच नको.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी एक उंच, सडपातळ मुलगी माडी चढून आली. अंबू होती ती.

"अण्णा, माझ्या आईचं ते पुस्तक द्या."

अण्णांनी माझ्यावरची धूळ पुसून मला तिच्या हातात दिले. "पोरी, शेवटापतोर वाच," एवढेच ते म्हणाले.

त्याच चुलीपुढे बसून तिने मला वाचले. 'टांगा वळला.' खाली 'समाप्त'. पसरलेल्या शाईच्या डागावर तिने बोट ठेवले. तो डाग आईच्या बोटाचा आहे हे तिला कोण सांगणार? समोरचे पान कोरे होते. तिने मला मिटले.

सकाळी मला परत करताना म्हणाली, "वाचलं, अण्णा. शेवटापतोर."

"मग?"

"आजी म्हणती त्येच खरं."

 अण्णांनी तपकिरीची डबी काढली आणि मला कपाटात ठेवून दिले.

मित्रांनो, पुस्तकांची पाने फाडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. मी एवढेच मागते की कुणा बाईच्या नावाला काळे फासण्याआधी, 'समाप्त' दिसला तरी आणखी एक पान उलटून पाहा. जयाबाई अजून बेळगुंदीत आहे आणि अंबू निपाणीत. दोघींच्या मध्ये माझे एक पान आहे, आणि ते अजून कुणी उलटलेले नाही.