चनबसप्पांची बोथट कुऱ्हाड

मित्रांनो, मी कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गी गावची एक जुनी कुऱ्हाड. घाबरू नका. कित्येक वर्षांत मी साधी काकडीही चिरलेली नाही. परवापर्यंत माझी तेवढी लायकीच नव्हती.

चनबसप्पांनी माझ्यात बाभळीचा दांडा ठोकला. इंग्रजांच्या दारूच्या मक्त्याविरुद्ध त्यांनी माझ्याकडून शिंदीची झाडं पाडली आणि ते तुरुंगात गेले. मी मुद्देमाल म्हणून ठाण्यात. जेवण फक्त त्यांना मिळालं.

आम्ही दोघं सुटल्यावर ते व्याख्यानं देत. "जुलूम हात जोडून हटत नसेल, तर कुऱ्हाड उचलावी लागते. पण राज्य आपलं झालं की तिची धार घालवा. नाहीतर ती नवा इंग्रज शोधत बसेल." पहिल्या वाक्याला टाळ्या पडत. पुढच्या वाक्यांना लोक घरी जायला चपला शोधत. स्वातंत्र्य आलं तेव्हा चनबसप्पांनी स्वतः मला दगडावर घासून बोथट केलं. मग खंडेनवमीला हळदकुंकू, एरवी कोळ्याची जाळी.

यंदा त्यांचा पणतू नंदीश यानं चौकात फलक लावला. त्यावर पणजोबा आणि टाळ्यांचं वाक्य. बाकीच्या वाक्यांना जागा पुरली नाही. तिथं कार्यकर्त्यांचे फोटो आले. मग मला धार लावून आणली. इंग्रज काही मिळेना. सिद्धाप्पा चहावाला मिळाला. नंदीशच्या कार्यकर्त्यांनी पुकारलेल्या बंदला त्यानं टपरी उघडी ठेवली होती. दसऱ्याच्या मिरवणुकीचं आमंत्रण नंदीशनं त्याला स्वतः दिलं. सगळ्यांना चहा पाजतो म्हणाला बिचारा.

आज खंडेनवमी. चनबसप्पांच्या सूनबाई सुंदरम्मा पूजेला बसल्या. मला पुसताना त्यांचं बोट कापलं.

"एनप्पा नंदीश, धार कुणासाठी रं?"

"मिरवणुकीत शोभेला, आज्जी."

"शोभेला धार लागत न्हाय. सिद्धाप्पाच्या टपरीवरनं जाणार हाय की मिरवणूक?"

"पणजोबाच म्हणायचे..."

"माझ्या सासऱ्याचं मलाच सांगतोस व्हय? अर्धंच पाठ केलंस की!"

नंदीशनं हसत मला उचलायला हात पुढं केला. सुंदरम्मांनी घाईघाईनं मला हळदकुंकू माखून झेंडू वाहिला. पुजलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, ही आमची रीत. नंदीश रीत पाळतो. पण त्याच रीतीत सुंदरम्माही अडकल्या. मला उचलून दगडावर घासणार कोण?

मित्रांनो, जुन्या वस्तू गंजू देऊ नयेत, असं तुम्हाला शिकवतात. मला गंजू द्या. आणि उजाडायच्या आत आलात, तर एक दगड आणा. फेकायला नव्हे. मला जागची हलवू नका, फक्त धारेवर आडवा घासा.

बाहेर पोरं ढोल तापवू लागली आहेत.