भिंतीखाली गेलेलं विकारी संवत्सर

आमच्या भागाचा हजार वर्षांपूर्वीचा इतिहास लिहायचा तर दगडांवाचून गत्यंतर नाही. राजांनी मागे ठेवले ते कोरलेले दगड, आणि लोकांनी ते आपापल्या सोयीनं घरी नेले. एका शिलालेखाला मी म्हैस बांधलेली पाहिली आहे, दुसऱ्यावर मिरच्या वाटलेल्या. हावेरीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि सुट्टी लागली की कागद, ब्रश आणि शाईचं बोचकं घेऊन ठसे घेत हिंडते. गावोगाव मला ‘दगडाच्या मॅडम’ म्हणतात. तोंडावर नुसतंच मॅडम.

त्या वर्षी माझ्या डोक्यात जोगरस होता. हा एक लहानसा मांडलिक. दोन-तीन लेखांत त्याचं नाव येतं, पण तो नेमका कधी होऊन गेला ते कुठंच सापडत नव्हतं. एका विद्यार्थ्याकडून कळलं, की बेळगुप्पे गावात एका घराच्या मागच्या भिंतीत त्याचा मोठा लेख आहे. मी पहिली बस पकडली.

घर कोट्रप्पाचं. त्याच्या आजोबांनी तळ्याकाठच्या पडक्या देवळातून तो दगड बैलगाडीत घालून आणला होता आणि मागच्या भिंतीत आडवा बसवला होता. धान्याच्या खोलीत पोती सरकवून कंदील धरला तर काय अक्षर, मोत्यासारखं. मी डावीकडून वाचायला घेतलं, आणि प्रत्येक ओळ निम्म्यात विटांच्या एका भिंतीत शिरून दिसेनाशी झाली.

“पुढचा दगड कुठाय?”

“पुढचा त्याच्याकडे,” कोट्रप्पा म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवत आढ्याकडे बघू लागला.

‘तो’ म्हणजे धाकटा भाऊ मुरिगेप्पा. मुरिगेप्पाच्या थोरल्या मुलीच्या लग्नात कोट्रप्पाची खुर्ची मांडवाच्या खांबामागे लागली, त्यावरून बिनसलं. खुर्ची मुद्दाम तिथं ठेवली असं कोट्रप्पाचं म्हणणं. खांब आधीपासून तिथंच होता असं मुरिगेप्पाचं. महिन्याभरात घराच्या मधोमध भिंत उभी राहिली. धाकट्यानं आपला दरवाजा मागच्या गल्लीत काढला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.

मी डाव्या भागाचा ठसा घेतला. दगड घासून धुतला, ओला कागद चिकटवला, ब्रशनं ठोकून अक्षरांत बसवला, वर शाई फिरवली. कोट्रप्पा उकिडवा बसून बघत होता.

“आमच्या बाजूला काय लिहिलंय?”

“जोगरसानं देवळाच्या दिव्याला जमीन दिली, असं दिसतंय. शेवटच्या ओळीत आहे, ‘जो कुणी ही जमीन हिरावून घेईल’...”

“हां. पुढे?”

“पुढे भिंत.”

“पुढचं त्याच्याविषयीच असणार,” कोट्रप्पा समाधानानं म्हणाला.

त्याच्या बायकोनं, नीलव्वानं, मला भाकरी आणि भरली वांगी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. मग ओला ठसा दोन्ही हातांत धरून, कोपऱ्यावरच्या देवळाला वळसा घालून मी मागच्या गल्लीत गेले.

मुरिगेप्पाकडे दगडाचा उजवा भाग गोठ्यात होता. त्यानं म्हशीला बाजूला केलं आणि पहिला प्रश्न विचारला, “तिकडे काय जेवलात?”

“भाकरी, वांगी.”

“गंगव्वा,” त्यानं आत बायकोला हाक मारली, “पोळ्या टाक. पुरणाच्या.”

मी ठसा घेतला. तोही तसाच उकिडवा बसून बघत होता. त्या घरातले पुरुष बहुधा असेच बसत असावेत.

“आमच्याकडे काय आलंय, मॅडम?”

मी जरा घुटमळले. “शेवटच्या ओळीत आहे... ‘तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहील.’”

मुरिगेप्पा दगडाजवळ सरकला. “माझं नाव घातलंय?”

“अहो, नाही. दानाच्या प्रत्येक लेखात शेवटी हे असतंच. पहिला अर्धा भाग तिकडे आहे, जमीन हिरावून घेणाऱ्याचा.”

“म्हणजे दानधर्म त्याच्याकडे आणि किडा माझ्याकडे. वाटणी नेहमी अशीच झाली बघा.”

पुरणपोळी खाऊन होईस्तो माझ्या लक्षात आलं होतं, की जे मला हवं ते दोघांकडेही नाही. डावीकडे ओळ ‘शकवर्ष’ या शब्दाशी थांबत होती. उजवीकडे ती ‘संवत्सराच्या चैत्रात’ इथून सुरू होत होती. मधला आकडा आणि संवत्सराचं नाव बरोबर विटेखाली गेलं होतं.

“एकच वीट काढायची आहे,” मी म्हटलं. “अक्षरं वाचते, परत बसवते.”

“माझी काही हरकत नाही. पण त्यानं आधी विचारायला पाहिजे.”

“ते कसे विचारतील? तुम्ही बोलत नाही.”

“तेच तर म्हणतोय मी.”

पुन्हा देवळाला वळसा. कोट्रप्पाचंही शब्दाशब्दाला तेच उत्तर. मी धान्याच्या खोलीत जाऊन पोत्यावर बसले. चार अक्षरं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती आणि मला रडू यायचं बाकी होतं. नीलव्वा कंदिलात तेल घालायला आली.

“कुठली वीट हो, मॅडम?”

मी दाखवली. तिचा चेहरा पडला.

“तिच्या वरची नाही चालणार?”

“तारीख हिच्यामागेच आहे. का?”

ती काही बोलणार, तेवढ्यात ती वीट आपोआप हलली. खरखर करत मागे सरकली आणि पलीकडे नाहीशी झाली. भोकातून बांगड्यांनी भरलेला एक हात आला. हातात स्टीलची वाटी होती.

“अक्का, विरजण दे गं चमचाभर. आणि त्या मॅडमना शेंगाचटणी दिलीस का? ह्यांना जाणून घ्यायचंय... म्हणजे, मलाच.”

नीलव्वानं वाटी धरली नाही, कारण कोट्रप्पा दारात उभा होता.

“हे कधीपासून?” त्यानं विचारलं.

“भिंत ओली होती तेव्हापासून,” नीलव्वा म्हणाली. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. “तुम्हाला मागच्या आठवड्यात आवडलेला पायस कुणाचा होता?”

पलीकडून मुरिगेप्पाचा आवाज आला, “कुणाशी बोलतेस गोठ्यात?” हात झटकन मागे गेला आणि त्याच्या जागी मुरिगेप्पाचा चेहरा आला. इकडून कोट्रप्पा वाकला. मध्ये माझा कंदील होता, त्यामुळे दोघंही एकमेकांना स्वच्छ दिसले असणार. म्हशीनं सुस्कारा टाकला.

“टक्कल पडलं की रे तुला,” कोट्रप्पा म्हणाला.

“तुझे तरी केस कुठं राहिलेत, अण्णा.”

आता दोघं रडतील, असं मला वाटलं. रडू देत, पण आधी माझं वाचून होऊ दे, म्हणून मी कंदील पुढे करून भोकाला डोकं टेकवलं. माती पुसली. संवत्सराचं नाव दिसलं: विकारी. लख्ख. आणि त्याच्या अलीकडे, जिथं शकाचा आकडा असायला हवा, तिथं दगडाचा टवका उडालेला होता.

“इथं कुणी छिन्नी मारलीय?” माझा आवाज चिरकला.

“गवंड्यानं,” दोघं एकदम म्हणाले. “वीट बसत नव्हती.”

“कुणाचा गवंडी?”

“त्याचा,” हेही एकदमच.

“माझा? तो शिग्गावहून तू आणलास, अण्णा. मी त्याला नुसती जागा दाखवली.”

“जागा चुकीची दाखवलीस म्हणून तर छिन्नी लागली.”

“दोरी कुणी धरली होती?”

“दोरी सरळच होती. भिंत तुझ्याकडे कललीय.”

“माझ्याकडे? मग माझा गोठा अरुंद कसा झाला?”

इतक्या वर्षांचं साचलेलं माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे जात होतं, आणि मी भोकाशी मान वाकडी करून विकारी संवत्सराकडे बघत होते. एकाच नावाचं संवत्सर साठ वर्षांनी पुन्हा येतं. म्हणजे जोगरस एक तर आधीच्या विकारीतला, नाही तर साठ वर्षांनंतरच्यातला. शक असता तर प्रश्नच नव्हता. नीलव्वानं माझ्या खांद्याला धरून मला मागे ओढलं आणि ताकाचा पेला हातात दिला. ते ताक गंगव्वाचं होतं, हे मागाहून कळलं.

वीट परत बसवायची कुणी आठवण काढली नाही. भावांचं सूर्य मावळेपर्यंत चाललं होतं. माझी शेवटची बस सुटायची म्हणून मी निघाले, तेव्हा दोरीवरून प्रकरण आजोबांच्या बैलगाडीपर्यंत गेलं होतं.

मी निबंध लिहिला आणि दोन्ही शक्यता मांडल्या. परिषदेत त्यावरून खडाजंगी झाली. एक ज्येष्ठ सर आधीच्या विकारीसाठी टेबलावर मूठ आपटून बोलले, दुसरे नंतरच्यासाठी. जेवणाच्या रांगेतही दोघं पाठमोरे उभे होते.

पुढल्या वर्षी आणखी चांगला ठसा घ्यावा म्हणून मी पुन्हा बेळगुप्प्याला गेले. भोक खिडकीएवढं झालं होतं. अलीकडे एका पोत्यावर कोट्रप्पा, पलीकडे खाटेवर मुरिगेप्पा, मध्ये उंबऱ्यासारख्या उरलेल्या विटांवर मंडक्कीचं, म्हणजे चुरमुऱ्यांचं, ताट. माझ्या निबंधाची एक प्रत मी पाठवली होती. ती गावातल्या मास्तरांनी दोघांना वाचून दाखवली होती.

“या मॅडम,” कोट्रप्पा म्हणाला. “ह्याला सांगा. जोगरस आधीच्या विकारीतला. एवढी जमीन दान करायची तर तो काळच जुना पाहिजे.”

“नंतरचा,” मुरिगेप्पा म्हणाला. “आधी लोकांकडे दिव्याला तेल कुठलं?”

“हजार वर्षांपूर्वीच्या तेलाचं तुला काय कळतं?”

“तुला जमिनीचं कळतं तेवढं.”

मी ठसा घ्यायला बसले. कागद वाळेपर्यंत भिंग लावून ‘ज’ आणि ‘र’ची वळणं नीट पाहिली. नंतर चहाच्या वेळी स्वयंपाकघरात नीलव्वानं हळूच विचारलं, “खरं काय आहे हो?”

“अक्षरांवरून तर नंतरचा वाटतो,” मी म्हटलं.

तिनं दारातून भिंतीतल्या त्या भोकाकडे पाहिलं. पलीकडून गंगव्वाही कान देऊन होती.

“ते तुमच्या पुस्तकात छापा,” नीलव्वा म्हणाली. “इथं बोलू नका. संध्याकाळी दोघांना बसायला काहीतरी पाहिजे.”

पुस्तक आता छापखान्यात आहे. त्याची प्रत बेळगुप्प्याला पाठवायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.