पेरेग्रिन मॅडॉक्सचं शेवटचं मत

या, जरा जवळ सरका. आयुष्यात एकदाच उद्धटपणा केलेल्या माणसाची गोष्ट सांगते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनियात अजून इंग्लंडच्या राजाचा अंमल होता. पेरेग्रिन मॅडॉक्स पहिल्यांदाच विधिमंडळासाठी उभा होता. कचेरीसमोरच्या हिरवळीवर नदीचं धुकं दिवसभर रेंगाळलं होतं. त्यातून एकेक मतदार टेबलापाशी उगवायचा, मोठ्याने आपल्या उमेदवाराचं नाव घ्यायचा नि पुन्हा धुक्यात विरून जायचा. ज्याचं नाव घेतलं, तो उमेदवार उठून, वाकून आभार मानायचा.

शेजारीच तुरुंग. सरकारी परवान्याशिवाय धर्मोपदेश केला म्हणून एल्केना चांभाराला आत टाकलेलं. पण तो उपदेश गाऊनच करायचा, आणि गाण्याला कुलूप कोण घालणार? गजांबाहेर बायाबापड्या डोळे मिटून ऐकत होत्या. पेरेग्रिनला वाटे, हा आवाज आपल्याच मनाच्या तळातून वर येतोय. निवडून आलो तर पहिल्याच दिवशी याच्या सुटकेचा अर्ज मांडीन, असं त्याने चांभाराच्या बायकोला वचन दिलं होतं. समोरच्या उमेदवाराने, कर्नल हार्वुडने, तो अर्ज हातातही घेतला नव्हता. आणि हा कर्नल पेरेग्रिनचा धर्मपिता, बाप्तिस्म्याला त्याला हातांवर घेणारा!

दिवस कलला. रिवाजाप्रमाणे कर्नलने आपलं मत प्रतिस्पर्ध्याला दिलं. "पेरेग्रिन मॅडॉक्स! बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या कोटावर मुतला होता, तरी त्यालाच!"

हशा पिकला. दोघांची मतं सारखी झाली, एकशे चौदा. उरलं फक्त पेरेग्रिनचं. आणि सभ्य माणूस तिथे स्वतःला मत देत नसे.

"बोल पोरा," कर्नल खुर्चीतून अर्धा उठलाच. "माझे गुडघे आभार मानायला तयार आहेत."

नेमका तेव्हाच चांभार श्वास घ्यायला थांबला. धुकंसुद्धा कान देऊन उभं राहिल्यासारखं झालं.

"पेरेग्रिन मॅडॉक्स," पेरेग्रिन म्हणाला.

"स्वतःलाच?" कुणीतरी ओरडलं. "मग आरशाशीच लग्न लाव की मेल्या!"

कर्नल हळूच खाली बसला. "रीतभात घरी विसरलास का रे?"

"नाही, काका. सोबत आणली होती. आत्ताच उतरवून ठेवली."

गजांमागून गाणं पुन्हा सुरू झालं.

अर्ज मांडला गेला, चांभार सुटला. पेरेग्रिन मात्र पुन्हा कधी निवडून आला नाही. कुठल्याच प्रतिष्ठित घरी जेवणाच्या टेबलाशी त्याला खुर्ची मिळाली नाही. रविवारी तो नदीकाठच्या गवतात बसून एल्केनाचं गाणं ऐके.

उघड्या आभाळाखाली कुणी देवाचं गाताना ऐकलंत, तर गवतात बसलेल्या त्या माणसाची आठवण ठेवा.